ट्रकचे चाक कशाने धरले जाते?



वसंत व्याख्यानमालेत लोक काव्य ऐकायला येतात, इतिहास ऐकायला येतात, कोणी अध्यात्म ऐकायला येतात. मी आपल्यापुढे ट्रकच्या चाकाला असलेल्या भोकांचा विषय घेऊन उभा आहे. संचालकांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. पण बीड बायपासवर किंवा जालना रस्त्यावर आपल्या सायकलीच्या, स्कूटरच्या कोपराशी खडीने भरलेले टिपर धडधडत जाते. त्याचे चाक त्याला कशाच्या जोरावर चिकटून राहिले आहे, हे समजून घेण्यात आपणा सर्वांचाच स्वार्थ आहे.

माझी शाळा नववीत सुटली. पुढे लेथवर उभा राहिलो, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करतो आहे. आज जे सांगणार आहे ते थोडे पुस्तकांतून, थोडे लेथवर आणि बरेचसे अपघातांच्या चौकशीत बसून शिकलो.

प्रथम चाक डोळ्यांपुढे आणू. आसाच्या टोकाशी बेअरिंगांवर फिरतो तो हब. हबाच्या तोंडावर गोलाकार रांगेत बसवलेले आटे पाडलेले जाड दांडे, त्यांना गॅरेजात स्टड म्हणतात. चाकाच्या मधल्या जाड तबकडीला, म्हणजे डिस्कला, तितकीच भोके. डिस्क स्टडांवर चढवायची आणि वरून नट आवळायचे. इतकी साधी रचना. पण एक चाक दुसऱ्या हबावर बसेल की नाही, हे चार गोष्टींवर ठरते. भोके किती, ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती, मधले मोठे भोक केवढे, आणि नटाची बैठक सपाट की निमुळती. यांतल्या दुसऱ्या गोष्टीला कारागीर पीसीडी म्हणतात. आपण तिला भोकवर्तुळ म्हणू.

भोकवर्तुळ मोजणे शिंप्याच्या फितीनेही जमते. भोके सम असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर घ्यावे. जीपसारखी पाच भोके असतील तर समोर भोक नसते. मग शेजारच्या दोन भोकांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. जुन्या विलिस जीपचे हे अंतर ८२ मिलिमीटर भरते. गुणाकार केला की १३९.७ च्या जवळ येतो. म्हणजे बरोबर साडेपाच इंच.

या दशांशातच सगळा इतिहास आहे. जड ट्रकांत दहा भोकांची दोन वर्तुळे फार चालतात. एक ३३५ मिलिमीटरचे, दुसरे २८५.७५ मिलिमीटरचे. पहिला आकडा पूर्ण आहे, कारण तो युरोपात मिलिमीटरच्या घरात जन्मला. दुसरा म्हणजे अमेरिकेचे सव्वाअकरा इंच. अमेरिकन लष्कराच्या अडीच टनी ट्रकाच्या आसाला सहा भोके असतात आणि त्यांचे वर्तुळ २२२.२५ मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊ इंच. आकड्यात असा चमत्कारिक दशांश दिसला की समजावे, मूळ इंचात आहे.

आपल्या देशात ही दोन्ही घराणी एकाच काळात नांदू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोटारी लिलावात निघाल्या आणि अमेरिकन ट्रक खाजगी हातांत आले. महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला. १९५५ साली मद्रासला अशोक लेलँड उभी राहिली, तिचे कुळ इंग्रजी. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ चा. म्हणजे मापे एक होण्याआधीच यंत्रे येऊन बसली होती. आमच्या मराठवाड्याचेच पाहा. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने बसगाड्या सुरू केल्या, त्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढे राज्यपुनर्रचना झाली, आणि १९६१ साली मुंबई, मराठवाडा व विदर्भ यांच्या वाहतूक संस्था एक होऊन आजची एस. टी. झाली. चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा याच एस. टी.ची. निरनिराळ्या कुळांतल्या गाड्या एका छपराखाली आल्या की भांडारवाल्याचे काय हाल होतात, हे भांडारात काम केलेल्यालाच ठाऊक.

आणि हाल कशापायी? स्टेपनीपायी. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकला आहे की तो कुठून आला याचा विचारही करीत नाही. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी रस्त्यावरच्या दुकानदारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीसाठी जादा चाक विकायला काढले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. ते नाव त्यांच्या देशात विरले आणि आपल्याकडे टिकले. या स्टेपनीचा नियम साधा आहे: एकच जादा चाक गाडीच्या कोणत्याही जागी बसले पाहिजे. पुढच्या आसाला एक भोकवर्तुळ आणि मागच्याला दुसरे असेल, तर दोन स्टेपन्या वागवाव्या लागतात. खाणीत, जंगलात, बोअरच्या गाडीवर, जेथे रस्ताच नाही आणि टायर दररोज फुटतो, तेथे हे परवडत नाही. म्हणून भोकवर्तुळ बदलण्याची गरज खोटी नाही. अमेरिकेत हौशी लोक लष्कराचे जुने आस घेऊन आपल्या रानगाड्यांखाली बसवतात, त्यांनाही हाच प्रश्न पडतो. प्रश्न गरजेचा नाही, बदल कसा करायचा याचा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रस्त्यावरच्या दहांपैकी नऊ माणसांना विचारा, ट्रकचे वजन कशावर तोललेले आहे? ते सांगतील, स्टडांवर. चाक जणू खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखे स्टडांना लटकले आहे, अशी समजूत असते. ती चुकीची आहे, आणि तिच्यातूनच सारे अनर्थ निघतात.

उसाची मोळी घ्या. दोराने करकचून आवळली तर मधला एक ऊस ओढून निघत नाही. दोर त्या उसाच्या आड आलेला नसतो. उसांनी एकमेकांना दाबून धरलेले असते. दोर ढिला पडला की ऊस सरकू लागतात, आणि हलता हलता दोरच झिजतो, तुटतो. चाकाचे असेच आहे. स्टड हा दोर. त्याचे काम डिस्कला हबाच्या तोंडावर दाबून धरण्याचे. ओझे वाहते ते या दोन पत्र्यांमधले घर्षण.

हिशेब करून पाहू. बावीस मिलिमीटर जाडीच्या स्टडाला कारखाने साधारण सहाशे न्यूटन-मीटर किंवा त्याहून काहीसा अधिक पीळ सांगतात. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपाच्या टोकाशी लटकला तर जवळजवळ एवढाच पीळ पडतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर या पिळाने एक स्टड सुमारे साडेतेरा टनांनी ताणला जातो. दहा स्टड मिळून एकशे पस्तीस टनांचा दाब. त्याचा सातवा हिस्सा घर्षण म्हणून मिळाला असे धरले, तरी एकोणीस टन. आता ओझे किती? जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या मागल्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. एका बाजूला पावणेसहा टन आले. खड्डे, ब्रेक, वळण यांचा मार धरूनही एकोणीस टन पुरतात. पण नट चतुर्थांश पिळावरच राहिले तर धरण उरते पाच टनांच्या आत, आणि ओझे पावणेसहा. त्या क्षणी डिस्क सरकू लागते. स्टड आता ताणला जात नाही. तो दर फेऱ्याला इकडून तिकडे वाकतो. आपण तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना, तसाच तो तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, मग पुढच्यावर. दहावा तुटतो तेव्हा चाक गाडीला सोडून आपल्या वाटेने निघते.

ही कल्पना नव्हे. काही वर्षांपूर्वी अशा एका चाकाच्या चौकशीत मी कामगाराच्या बाजूने बसलो होतो. जिल्ह्यातल्याच एका खाणीचे टिपर. मालकाने भंगारातून मागचा आस आणला, त्याचे भोकवर्तुळ ३३५. त्याच्याजवळची चाके होती २८५.७५ ची. दहा भोके इकडे, दहा भोके तिकडे. “दहाला दहा आहेत, थोडी सरकवायची आहेत,” एवढेच गॅरेजला सांगितले. पंधरा-सोळा दिवसांनी भरल्या गाडीची डावीकडची मागली दोन्ही चाके उतारावर निघाली. बांधावर भाकरी खात बसलेल्या एका मजुराचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. बोट दाखवले गेले ते वेल्डिंग करणाऱ्या पोरावर. त्याचे वय एकवीस. तो मला एवढेच म्हणाला, “काका, सांगितलं तसं केलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणाले असते.”

मी ती डिस्क टेबलावर ठेवायला लावली आणि फूटपट्टी मागितली. ३३५ च्या हबाला मधोमध २८१ मिलिमीटरची उंच कड असते; चाक मध्यावर बसते ते तिच्या आधाराने. २८५.७५ च्या चाकाचे मधले भोक फक्त २२० चे. म्हणजे चाक बसवायला मधले भोक २८१ पर्यंत कापणे आले. तसे कापले की नव्या काठापासून जुन्या भोकांचा मध्य अडीच मिलिमीटरसुद्धा दूर राहत नाही. दहाही भोके अर्धी कापली जाऊन काठावर दहा चंद्रकोरी उरतात. त्या वेल्डिंगने भरल्या होत्या. बाहेरच्या बाजूला नवी भोके पाडली ती डिस्कचा सपाट भाग संपून ती वळू लागते तेथे. नट एका कडेवर टेकलेला, दुसरीकडे पोकळी. आणि मध्य गॅसने कापलेला, त्यामुळे हबाच्या कडेवर चाक नीट बसलेच नव्हते. भोकांभोवती लोखंड आरशासारखे घासून चकचकीत झाले होते. चाक एका दिवसात निघालेले नव्हते; पंधरा दिवस ते सरकत होते आणि कोणी पाहिले नव्हते.

उलट दिशेनेही हे जमत नाही. ३३५ च्या चाकाला २८५.७५ ची भोके पाडू म्हटले तर तेथे लोखंडच नाही. मधले भोक जवळजवळ तिथपर्यंत आलेले असते. जायकवाडीच्या धरणावर काम केलेले माझे उस्ताद म्हणत असत, “बेटा, भोक बघू नकोस. दोन भोकांमधलं लोखंड बघ.” त्या टेबलाशी मला त्याचा अर्थ पुरता समजला.

मग योग्य रीत कोणती? माझ्या मते चार वाटा आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली आणि सर्वांत चांगली वाट म्हणजे हबच बदलणे. पुष्कळदा एकाच आसाला कारखाना दोन प्रकारचे हब काढतो. बेअरिंग, सील आणि ड्रम जुळतात का हे पाहून हवा तो हब बसवावा. खर्च जास्त वाटतो, पण कारखान्याने तपासलेली वस्तू मिळते. चाकाला हात लागत नाही.

दुसरी वाट हबाच्या तोंडावर नवी भोके पाडण्याची. ही केव्हा चालते? तोंडाला बाहेरच्या बाजूस पुरेसे लोखंड असेल तेव्हाच. २८५.७५ च्या हबावर ३३५ ची भोके जुन्यांच्या सरळ रेषेत पाडली, तर दोन मध्यांत साडेचोवीस मिलिमीटर उरतात. बावीसचा स्टड वजा केला की भोकांमध्ये अडीच मिलिमीटर लोखंड. म्हणजे काहीच नाही. तीच रांग अर्धा घर, म्हणजे अठरा अंश फिरवली की मध्यांतले अंतर चोपन्न मिलिमीटर होते आणि बत्तीस मिलिमीटर लोखंड शाबूत राहते. पण हे काम विभागणी करणाऱ्या यंत्रावर व्हावे, डोळ्याच्या अंदाजाने नव्हे. मध्य धरणारी कडही नव्या चाकाच्या मापाची करून घ्यावी लागते.

तिसरी वाट जोडतबकडीची. जाड पोलादी तबकडी. आतल्या वर्तुळाने ती हबावर आवळायची आणि बाहेरच्या वर्तुळावर चाक. सहाचे दहा करायचे असतील तर बहुधा हाच उपाय सुचतो, कारण २२२.२५ आणि २८५.७५ यांच्यात त्रिज्येचाच फरक बत्तीस मिलिमीटरांचा आहे आणि सहा भोकांच्या हबाला तेवढे रुंद तोंड सहसा नसते. पण तबकडीने चाक बाहेर सरकते, बेअरिंगांवर ताण वाढतो, आणि आवळायचे सांधे एकाचे दोन होतात. आतले नट चाकामागे दडलेले असतात. ढिले पडले तर कोणाला दिसत नाहीत.

चौथी वाट म्हणजे चाकाची डिस्क काढून, योग्य भोकांची नवी डिस्क साच्यात धरून बसवणे. शेतात किंवा खाणीच्या आत हळू चालणाऱ्या यंत्राला हे चालेल. भरधाव रस्त्यावरच्या गाडीला मी चालू देणार नाही.

आणि ज्याला वाट म्हणूच नये ते हे: भोके वेल्डिंगने बुजवून शेजारी नवी पाडणे, गॅसने भोक लांबट करणे, सपाट बैठकीच्या डिस्कवर निमुळते नट लावणे. निमुळता नट सपाट भोकाच्या केवळ काठावर टेकतो. काठ चेपला की पीळ गेला.

बदल कोणत्याही वाटेने झाला तरी पथ्ये तीच. हबाचे तोंड आणि डिस्कची पाठ घासून स्वच्छ करावी. रंगाचे जाड थर मध्ये राहिले तर ते दबतात आणि नट आपोआप ढिले होतात. नट समोरासमोर, ताऱ्याच्या रीतीने आवळावेत. पान्यावर उड्या मारू नयेत. जास्तीचा पीळ स्टडाला ताणून निकामी करतो. माप दाखवणारा पाना वापरावा. पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरांच्या आत पुन्हा एकदा आवळावे. आमचे निम्मे अपघात या शेवटच्या आळसात आहेत असे मला वाटते. ब्रिटनसारख्या शिस्तीच्या देशातही २००६ सालच्या एका अभ्यासात वर्षाकाठी दीडशे ते चारशे जड वाहनांची चाके निघतात असा अंदाज काढला होता, आणि त्यांत तीन ते सात अपघात प्राणघातक.

कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचले. तेव्हा दहा भोकांची उठाठेव करण्याआधी परवानगीचा विचार मालकाने करायचा असतो. शब्द लक्षात घ्या, मालकाने. वेल्डिंग करणाऱ्या पोराने नव्हे.

पण व्यवहारात काय घडते? गॅरेजात माणसे पाच-सात. कारखान्याचा कायदा तिथे पोचत नाही. हुकूम तोंडी, मजुरी रोजची, आणि चाक निघाले की जबाबदारी शेवटच्या हाताची. त्या चौकशीत आम्ही एकच गोष्ट मागितली आणि ती अजून सगळीकडे मागतो आहोत. आसाच्या, चाकाच्या आणि ब्रेकच्या प्रत्येक कामाची चिठ्ठी असावी. काय बदलायचे, कोणी सांगितले, कोणते माप, खाली सही. एवढा एक कागद असला की “थोडी सरकवा” म्हणणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. आणि “हे मी करणार नाही” म्हणणाऱ्या कारागिराच्या पाठीशी काहीतरी उभे राहते. त्या पोराजवळ कागद नव्हता. फूटपट्टीने त्याला वाचवले, कारण ती डिस्कच सांगत होती की या चाकावर हे काम कोणाच्याही हातून नीट होणे शक्य नव्हते. मजुराचा पाय मात्र कोणत्याही निकालाने परत आला नाही.

आपण गॅरेजवाले नाही, मालक नाही, मग आपण काय करावे? पाहावे. सिग्नलला टिपर शेजारी उभे राहिले की त्याच्या मागल्या चाकाकडे नजर टाकावी. नटापासून बाहेरच्या दिशेने गंजाचे तांबडे ओघळ दिसले, एखाद्या स्टडावर नट नसला, किंवा भोकाभोवती ताजे चकचकीत लोखंड दिसले, तर चालकाला हाक मारून सांगावे. “भाऊ, डावीकडचं मागचं चाक बघा.” बहुतेक चालक रागावत नाहीत. त्यांनाही संध्याकाळी घरी जायचे असते.